नीपरकाठचा वसंत

भिलाईच्या पोलादाचे पहिले धडे ज्या शहरात गिरवले गेले, त्याच शहरात पुढे भारतातली मुले डॉक्टर व्हायला गेली. तिथला हिवाळा सोसल्यावर येणारा वसंत म्हणजे काय चीज असते, आणि एका वर्षी तो हातातून कसा निसटला, त्याची ही हकिगत.

फाल्गुन लागला की नंदिनी नगरच्या आसपासच्या माळावर पळस पेटतो. पाने झडून गेलेली, काळ्या वेड्यावाकड्या फांद्या आणि त्यांवर केशरी फुलांचे घोस. आंब्याला मोहोर आलेला असतो. पुढे मोह फुलतो आणि भल्या पहाटे टोपल्या घेऊन बायका-मुले झाडाखाली फुले वेचताना दिसू लागतात. होळीच्या आधी गावागावांत नगारे घुमतात, फाग रंगतो. पण छत्तीसगढचा हा वसंत फार घाईचा. मार्च सरतो न सरतो तोच ऊन चढते, चुनखडीच्या खाणींची पांढरी धूळ उडू लागते आणि घरोघरी कूलर पुसायला निघतात. इथल्या माणसाला वसंत ही उन्हाळ्याची आगाऊ सूचना वाटते.

याच मार्चमध्ये, इथून सुमारे पाच हजार किलोमीटरांवर, युक्रेनमधल्या झापोरिझिया शहरात लोक घराच्या खिडक्या उघडण्याची वाट पाहत असतात. चार-पाच महिने घट्ट मिटलेल्या खिडक्या! त्या उघडतात तेव्हा तिथे वसंत आला असे म्हणायचे.

या दोन गावांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. संबंध आहे, आणि तो चांगला जुना आहे.

पोलादाचे नाते

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि भिलाईला वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना उभा करायचे ठरले. दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि सोव्हिएत यंत्रसामग्री, असा तो मेळ होता. नंदिनी नगर ही वसाहतच मुळी खाणीमुळे वसली. झोतभट्टीत लोहखनिज आणि कोक यांच्याबरोबर चुनखडी पडली नाही, तर खनिजातली माती-वाळू वेगळी होत नाही. चुनखडी ती आपल्यात ओढून घेते, तिची मळी होऊन वर तरंगते आणि खाली रसरशीत लोखंड उरते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा त्या ज्वाळेत नंदिनीचाही वाटा होता.

पण भट्टी चालवायची कुणी? देशात एवढ्या मोठ्या भट्ट्यांचा अनुभव असलेली माणसे मोजकीच होती. म्हणून भिलाईसाठी निवडलेल्या शेकडो अभियंत्यांना आणि तंत्रज्ञांना १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत पोलाद कारखान्यांत शिकायला पाठवण्यात आले. त्या कारखान्यांपैकी एक म्हणजे नीपर नदीकाठचा ‘झापोरिझस्ताल’. त्या काळी शहराला रशियन उच्चाराप्रमाणे झापोरोझ्ये म्हणत. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतले, विशी-पंचविशीतले तरुण तिथे पोचले. रशियन भाषेची तोंडओळख, दिवसभर भट्टीची धग, आणि दाराबाहेर पाऊल टाकताच हाडे गोठवणारी थंडी! पोलादाची विद्या त्यांनी अशी मिळवली.

भिलाईतही रशियन माणसे आली. त्यांच्या वस्तीचे ‘रशियन कॉम्प्लेक्स’ हे नाव आजही गावाच्या तोंडी आहे. १९७२ साली उभे राहिलेले मैत्री बाग हे प्राणिसंग्रहालय तर या दोस्तीच्याच नावाने ओळखले जाते. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला. झापोरिझिया स्वतंत्र युक्रेनमध्ये गेले. पण भारतीय विद्यार्थ्यांची तिकडची वाट बंद झाली नाही, फक्त विषय बदलला. पोलादाऐवजी वैद्यक! आपल्याकडच्या खासगी महाविद्यालयांपेक्षा तिथली फी कमी, शिवाय शिकवणे इंग्रजीतून, म्हणून युक्रेनमधल्या वैद्यकीय विद्यापीठांत दरवर्षी मोठ्या संख्येने भारतीय मुले दाखल होऊ लागली. झापोरिझियाचे वैद्यकीय विद्यापीठ त्यांपैकीच एक.

आधी हिवाळा सोसावा लागतो

या मुलांना वसंताचे अप्रूप का वाटते, ते समजून घ्यायचे तर आधी तिथला हिवाळा समजून घेतला पाहिजे.

भिलाईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांचा असतो. झापोरिझियात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य जेमतेम सव्वाआठ तास दिसतो, तोही ढगांनी दिसू दिला तर! सकाळी अंधारात वर्गाला जायचे आणि संध्याकाळी अंधारातच वसतिगृहावर परतायचे. खोलीत लोखंडी पन्हाळ्यांतून गरम पाणी फिरत असते, त्यामुळे आत ऊब असते. पण खिडकीच्या फटींत शरद ऋतूतच कापूस भरून वर कागदाच्या पट्ट्या चिकटवण्याची तिथली जुनी रीत. म्हणजे बाहेरचा वारा आत येत नाही, तसा बाहेरचा आवाजही नाही. रस्त्यावर पाखरांची किलबिल नाही, झाडाला पान नाही. बाजारात बटाटा, कोबी, बीट, गाजर आणि कांदा यांचेच राज्य.

पहिल्या वर्षाच्या मुलाला घरची आठवण सर्वांत जास्त येते ती याच दिवसांत. अभ्यास डोक्यावर, भाषा अर्धवट, आणि मनावर एक विनाकारण मरगळ. पालकांना फोनवर आवाजातला बदल जाणवतो, पण कारण उमगत नाही. मुलाला अभ्यास झेपत नाही की काय, असेच वाटते. पुष्कळदा कारण एवढेच असते की पोराने आठवडाभर ऊनच पाहिलेले नसते!

थेंबांचा महिना

तिकडे वसंत पंचांगाने नव्हे, महिन्याने सुरू होतो. १ मार्च हा वसंताचा पहिला दिवस. त्या दिवशी बाहेर बर्फ असला तरी लोक एकमेकांना वसंताच्या शुभेच्छा देतात. पहिली चाहूल लागते ती कानाला. छपराच्या वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळे वितळू लागतात आणि दिवसभर टपटप ऐकू येते. दिसायला सुंदर, पण मोठा सुळा डोक्यावर पडला तर कपाळमोक्ष ठरलेला. म्हणून इमारतींच्या कडेने दोऱ्या बांधून पादचाऱ्यांना दूर ठेवतात.

८ मार्च, महिला दिन. आपल्याकडे हा सभा-भाषणांचा दिवस. तिथे तो फुलांचा सण. सोव्हिएत काळात, १९६५ साली, त्याला सुट्टीचा दर्जा मिळाला आणि ती रीत पुढे चालत राहिली. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्याधमक मिमोसाच्या डहाळ्या आणि ट्यूलिपच्या जुड्या विकायला बसतात. विद्यार्थी आपल्या प्राध्यापिकांना, वसतिगृहाच्या दारावर बसणाऱ्या आजीबाईंना फुले देतात. नव्या मुलाने एवढेच ध्यानात ठेवायचे की फुले मोजून घ्यायची, एक, तीन किंवा पाच. दोन किंवा चार फुले तिथे मयताला वाहतात. एवढी एक चूक टळली, तर वर्षभर कपाळाला आठ्या घालणाऱ्या आजीबाईसुद्धा त्या दिवशी हसून चहा पाजतात!

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळाचे काटे एक तास पुढे सरकतात. संध्याकाळ एकाएकी लांबते. मग घरोघर खिडक्यांच्या पट्ट्या फाडल्या जातात, कापूस निघतो, काचा धुतल्या जातात. आपल्याकडे दिवाळीआधी घराची झाडलोट होते, तशीच धांदल तिथे या दिवसांत असते.

चुन्याची खूण

एप्रिल हा झापोरिझियाचा खरा महिना. दक्षिण युक्रेनमधल्या शहरांत रस्त्याच्या कडेला जर्दाळूची झाडे लावण्याची रीत आहे. पानांच्या आधी फुले येतात, पांढरी, किंचित गुलाबी छटेची. कालपर्यंत खराटे वाटणाऱ्या झाडांवर एका आठवड्यात जणू लाह्या फुटतात. शहराचा मुख्य रस्ता सोबोर्नी मार्ग, लांबी दहा किलोमीटरांहून अधिक. त्याच्या दोन्ही अंगांना निवासी इमारतींची अंगणे आहेत. त्या अंगणांतून चालत निघाले की फुलांखालूनच जावे लागते.

याच सुमारास सगळे शहर सफाईला बाहेर पडते. शाळा, कारखाने, विद्यापीठे यांतली माणसे ठरल्या दिवशी खराटे घेऊन बागा झाडतात, कुजलेली पाने गोळा करतात आणि झाडांच्या बुंध्यांना चुना लावतात. उन्हाळ्याच्या तोंडावर सालीला ऊन बाधू नये, किडे वर चढू नयेत, हा त्यामागचा हेतू. मे महिन्याच्या सणांपर्यंत रस्त्यांच्या कडेची झाडे पांढरे मोजे घातल्यासारखी दिसू लागतात. चुन्याच्या गावाहून, म्हणजे नंदिनीहून, तिथे गेलेल्या माणसाला याहून ओळखीची खूण कोणती असणार?

ओळखीच्या खुणा स्वयंपाकघरातही सापडतात. हिवाळाभर लाल बिटाचे ‘बोर्श्च’ सूप खाल्लेल्या घरांत वसंतात ‘हिरवे बोर्श्च’ शिजते. त्यात पडणारी आंबट पालेभाजी आपल्या चुक्याच्या कुळातली. बटाटे, उकडलेले अंडे आणि वरून घट्ट आंबट सायीचा चमचा. अंडे वगळले, दाण्याचे कूट घातले, तर विदर्भातल्या चुक्याच्या भाजीची आठवण यावी! शेपू तर तिथे कोथिंबिरीसारखा सगळ्यावर भुरभुरतात. आपल्याकडे शेपूच्या नावाने नाक मुरडणारी पोरे तिकडून परतताना शेपूची आवड घेऊन येतात. कांद्याची कोवळी पात आणि लाल मुळे यांनी बाजार पुन्हा रंगीत होतो.

मग ईस्टर, तिथल्या भाषेत ‘वेलिकदेन’, म्हणजे थोर दिवस. जुन्या पंचांगामुळे तो कधी एप्रिलमध्ये, तर कधी मेच्या सुरुवातीला येतो. त्याआधीच्या रविवारी वाळुंजाच्या डहाळ्या घरी आणतात आणि गमतीने एकमेकांना हलकेच मारतात. त्यात निरोगी राहा, असा आशीर्वाद असतो. कांद्याच्या सालांच्या पाण्यात अंडी उकळून ती तांबूस करतात. आपण पळसाची फुले भिजवून रंग करतो, त्याचीच ही बहीण. ‘पास्का’ नावाचा गोड पाव भाजतात. भिलाईचे अभियंते तिथे होते तेव्हा धर्माची चर्चा उघडपणे करण्याचे दिवस नव्हते. पण लोकांची आवड सरकारलाही मोडता आली नाही. सोव्हिएत काळात सरकारी बेकऱ्यांत याच सुमारास तसाच पाव मिळे, फक्त त्याचे नाव ठेवले होते ‘वसंत केक’!

नदी, बेट आणि मे महिना

झापोरिझिया या नावाचा अर्थ ‘धावत्यांपलीकडचा प्रदेश’. नीपरच्या पात्रात इथे खडकाळ धावत्या होत्या. १९३२ मध्ये सुमारे ७६० मीटर लांबीचे धरण पुरे झाले आणि त्या पाण्याखाली गेल्या. वरच्या प्रदेशातले बर्फ वितळून ज्या वर्षी नदीला मोठे पाणी येई, त्या वर्षी धरणाचे दरवाजे उघडत आणि सारे गाव ते पाहायला लोटे. धरणाच्या खाली नदी दुभंगते आणि मध्ये खोर्तित्सा हे बेट येते. लांबी सुमारे बारा किलोमीटर. एकेकाळी कोसॅक योद्ध्यांचा इथे वावर होता. एप्रिलमध्ये या बेटावरच्या रानात जमिनीलगत निळ्या फुलांचा सडा पडतो. मे महिन्यात रात्री नाइटिंगेल गातात.

१ मेची सुट्टी म्हणजे ‘मायिव्का’, थोडक्यात वनभोजन. कुटुंबेच्या कुटुंबे नदीकाठी जातात, निखाऱ्यावर मांस भाजतात. शाकाहारी भारतीय मुले बटाटे आणि वांगी भाजून घेतात. लायलॅकच्या जांभळ्या तुऱ्यांचा वास गल्ल्यांतून भरून राहतो. रस्त्यावर ‘क्वास’ या पावापासून आंबवलेल्या थंड पेयाच्या पिवळ्या टाक्या उभ्या राहतात. रात्री आठ वाजले तरी उजेड असतो. बाकांवर म्हातारी माणसे सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतात आणि परदेशी पोराला हटकून विचारतात, “कुठला रे तू? जेवलास का?”

परदेशी शहर आपले होते ते असे. वर्गात विषय कळतो, पण ज्यांच्यात राहायचे ती माणसे कळतात ती अशा संध्याकाळी. हिवाळ्यात दारे लावून बसलेला शेजारी वसंतात बाकावर भेटतो. अडखळती भाषा बोलायला माणूस मिळतो. पुढे रुग्णालयात खाटेवरच्या आजारी म्हाताऱ्याला काय होतेय ते विचारायचे, तर तीच भाषा लागते. शिकवणे इंग्रजीत असले तरी रोगी काही इंग्रजी बोलत नाही. तेव्हा “पोरगा अभ्यास सोडून नदीवर फिरतो” असे म्हणून पालकांनी लगेच धास्तावू नये. जूनमध्ये परीक्षा असतात हे त्यालाही माहीत असते, आणि मे महिन्यात तिथल्या बागांमधल्या बाकांवर पुस्तके उघडून बसलेली मुले पुष्कळ दिसत.

न आलेला वसंत

२०२२ साली हे सारे एका रात्रीत थांबले. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर चढाई केली. तेव्हा त्या देशात सुमारे वीस हजार भारतीय विद्यार्थी होते. वसंताच्या पहिल्याच दिवशी, १ मार्चला, खार्किवमध्ये कर्नाटकातला एक वैद्यकीय विद्यार्थी हल्ल्यात मरण पावला. झापोरिझियातली मुले गर्दीने भरलेल्या रेल्वेगाड्यांतून देशाच्या पश्चिम सरहद्दीकडे निघाली. पाठीवर एक पिशवी, बाकी सगळे खोलीत. भारत सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेतून आणि इतर विमानांनी बावीस हजारांहून अधिक भारतीय परतले. कुणाच्या खोलीत पुस्तके राहिली, कुणाचा हिवाळी कोट, कुणाची अर्धी पदवी.

त्या वर्षीही जर्दाळू फुलले असणारच. झाडांना युद्ध कळत नाही. पण ते पाहायला ही मुले तिथे नव्हती, आणि जी माणसे होती ती तळघरांत होती. भिलाईतल्या जुन्या पोलादकर्मींना बातम्यांतली नावे नवी नव्हती. झापोरिझिया, नीपरचे धरण ही नावे भिलाईने पन्नासच्या दशकातच ऐकली होती. २२ मार्च २०२४ च्या हल्ल्यात तर त्या धरणाच्या वीजकेंद्रावरच क्षेपणास्त्रे पडली. त्याआधी ६ जून २०२३ रोजी खालच्या अंगाचे काखोव्का धरण फुटले, पाणी उतरले आणि खोर्तित्साभोवतीचा नदीचा तळ उघडा पडला.

परतलेल्या मुलांपुढे प्रश्न उभा राहिला तो शिक्षणाचा. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्यांना दुसऱ्या देशांतल्या विद्यापीठांत राहून अभ्यासक्रम पुरा करायला मान्यता दिली. कुणी जॉर्जियात गेले, कुणी उझबेकिस्तानात, तर काही धीर करून युक्रेनच्या पश्चिम भागात परतले. उझबेकिस्तानात गेलेल्यांना नवा वसंत भेटला तो २१ मार्चच्या नवरोजचा. त्या सणाला तिथल्या बायका अंकुरलेल्या गव्हाचे ‘सुमालक’ रात्रभर मोठ्या कढईत ढवळत बसतात. गव्हाच्या चिकाची खीर खाल्लेल्या मराठी जिभेला ती चव परकी वाटायची नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

थंड देशात शिकायला निघालेल्या मुलाच्या बॅगेत आई स्वेटर, मसाले, लोणचे भरते. वसंतासाठीही काही गोष्टी सांगून ठेवल्या तर बऱ्या. पहिली, मार्चमधल्या उन्हाला भुलून कोट माळ्यावर टाकू नये. दुपारी ऊन आणि रात्री पुन्हा बर्फ, असे महिनाभर चालते. दुसरी, मेअखेरीस पॉप्लरच्या झाडांचा कापूस हवेत उडतो. शिंका आल्या की त्यालाच बोल लावतात, पण खरे कारण बहुधा त्याच वेळी फुलणाऱ्या गवताचे पराग असतात. दमा असलेल्याने औषध जवळ ठेवावे. तिसरी, गवतात, झुडपांत फिरून आल्यावर अंगावर गोचीड चिकटलेली नाही ना, ते नीट पाहावे. तिथल्या गोचिडींमुळे गंभीर आजार होऊ शकतात. आणि चौथी, हिवाळ्यात रोज दुपारी अर्धा तास तरी बाहेर पडून अंगावर उजेड घ्यावा. मन टिकले तर वसंतापर्यंत पोचता येते.

नंदिनी नगरच्या ज्या खाणींतून चुनखडी काढून संपली, त्या जमिनीवर अलीकडे मोठ्या प्रमाणावर झाडे लावली आहेत. खणून पांढरी पडलेली भुई पुन्हा हिरवी होते आहे. पाखरे येऊ लागली आहेत. झापोरिझियाच्या वाटेवरही भारतीय मुले पुन्हा कधी निर्धास्त चालू लागतील, जर्दाळूखालून वर्गाला जातील, हे आज कुणाला सांगता येणार नाही. पण जी मुले तिथून अर्ध्या वाटेवरून परतली, त्यांतली अनेक आता डॉक्टर झाली आहेत. मार्च लागला, माळावर पळस पेटला की त्यांना घरात बसवत नसेल. एखादी खिडकी उगीचच उघडावीशी वाटत असेल.